जीव वाचला, तोल गेला

१९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. लेखक डॉक्टर होता आणि रुग्णही तोच होता. नावाच्या जागी त्याने ‘जे. सी.’ एवढी आद्याक्षरंच दिली होती. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं देण्यात आली आणि त्यांनी त्याच्या दोन्ही कानांतलं तोल राखणारं इंद्रिय निकामी केलं. अंथरुणावर पडून पुस्तक वाचायला घेतलं, की ओळी नाचायच्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी डोकं किंचित हलतं, आणि तेवढी हालचालही आता डोळ्यांना सांभाळता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने पलंगाच्या उशाकडच्या लोखंडी गजांमध्ये डोकं घट्ट रोवलं. तेव्हा कुठे अक्षरं थांबली.

डॉक्टरमंडळींमध्ये हा लेख आजही सांगितला जातो. त्यातली खरी अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र लेखाबाहेर आहे. या औषधाने तोल जातो, ही बातमी १९५२ मध्ये नवी नव्हती. क्षयाच्या रुग्णांना औषध टोचायला सुरुवात झाली, त्यानंतर वर्षभरातच ती छापून आली होती. तोल शाबूत आहे का, हे पाहायची चाचणी तर औषधाच्या जवळपास चाळीस वर्षं आधीपासून हाताशी होती. तरीही पुढच्या अनेक दशकांत रुग्ण बरे होऊन घरी जात राहिले आणि आपल्याच उंबऱ्याला अडखळत राहिले. हे कसं घडलं, त्याचा हा इतिहास आहे.

कान ऐकण्यासाठी असतो, हे शाळेतलं पोर सांगेल. पण आतल्या कानाचा मोठा भाग ऐकण्याशी संबंध नसलेलं काम करतो. तिथे एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि दोन छोट्या पिशव्या असतात. नलिका डोक्याचं वळणं टिपतात. पिशव्या गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली हालचाल टिपतात. टिपण्याचं काम करतात त्या सूक्ष्म केस असलेल्या पेशी. डोकं डावीकडे वळलं, की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळे तेवढेच उजवीकडे फिरतात आणि समोरचं दृश्य स्थिर राहतं. ही व्यवस्था शाबूत असते तोवर तिची आपल्याला जाणीवही नसते. माणसाला पाच ज्ञानेंद्रियं असतात, असं म्हणताना हे सहावं आपण विसरतो. पुढे रुग्णालयांनीही तेच केलं.

या इंद्रियाची तपासणी करायची पहिली खात्रीची पद्धत सापडली व्हिएन्नामध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. रॉबर्ट बारानी हा तरुण डॉक्टर तिथल्या कान-विभागात रुग्णांचे कान पिचकारीने धूत असे. पाणी गार असलं की रुग्णाला गरगरायचं आणि त्याचे डोळे एका बाजूला झटके देत हलायचे. एकदा पाणी जास्त गरम होतं, तेव्हा डोळ्यांचे झटके उलट्या दिशेला गेले. बारानीने यातून कारण ताडलं. बंबात तापलेलं पाणी जसं वर चढतं आणि गार खाली राहतं, तसंच कानात सोडलेल्या गार-गरम पाण्याने आतल्या नलिकेतला द्रव वाहू लागतो, आणि डोकं न हलताच मेंदूला ते वळल्याची खबर जाते. म्हणजेच कानात पाणी सोडावं आणि डोळ्यांकडे पाहावं. डोळे हलले तर इंद्रिय जिवंत. मुळीच हलले नाहीत तर गेलं. १९०६ मध्ये त्याने हे मांडलं. १९१४ सालचं नोबेल त्याला जाहीर झालं, तेव्हा तो पहिल्या महायुद्धात रशियनांच्या कैदेत होता. १९४२ मध्ये लंडनच्या फिट्झगेराल्ड आणि हॉलपाइक या दोघांनी या चाचणीला शिस्त लावली: ३० आणि ४४ अंश सेल्सिअस तापमानाचं पाणी, प्रत्येक कानात ४० सेकंद, आणि डोळे किती वेळ हलतात याची नोंद.

दुसऱ्याच वर्षी, १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या रट्गर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ या संशोधक विद्यार्थ्याला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. प्रयोगशाळा सेल्मन वॅक्समन यांची होती. शोधाचं श्रेय कोणाचं, यावरून पुढे गुरू-शिष्य कोर्टात गेले आणि १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळालं; पण ती निराळी कहाणी. पेनिसिलीनला दाद न देणारा क्षयाचा जंतू या नव्या औषधाने मरत होता, ही त्या काळातली केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना आज करणं अवघड आहे. क्षय झाला की घरातली माणसं ताट-वाटी वेगळी करत. लग्नं मोडत. ऐपत असलेले सॅनेटोरियममध्ये जात, नसलेले खोकत खोकत संपत.

मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिन्शॉ यांनी आधी गिनीपिगवर औषध वापरून पाहिलं. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका सॅनेटोरियममधल्या २१ वर्षांच्या तरुणीला पहिली इंजेक्शनं दिली गेली. फुप्फुसाच्या क्षयाने खंगलेली ती मुलगी बरी झाली, तिने पुढे लग्न केलं, तिला मुलं झाली. १९४५ मध्ये या दोघांनी ३४ रुग्णांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातच त्यांनी एक प्रामाणिक नोंद करून ठेवली: काही रुग्णांना चक्कर येते, त्यांचा तोल बिघडतो. पुढच्या वर्षी मेयोमधूनच आठव्या मज्जातंतूवर, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूवर, होणाऱ्या या दुष्परिणामाविषयी स्वतंत्र टिपण आलं. धोका कोणी लपवला नव्हता, हे इथे ठसवून सांगायला हवं. औषधाची कीर्ती आणि त्याचा दोष ही दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून जगभर गेली.

ब्रिटनमध्ये युद्धानंतर डॉलरची चणचण होती. स्ट्रेप्टोमायसिन थोडंच विकत घेता आलं. थोडं आहे तर ते नीट तपासून वापरू, असं तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णांची वाटणी यादृच्छिक पद्धतीने, बंद पाकिटांतून केली. आधुनिक वैद्यकातल्या चाचण्यांचा पाया इथे पडला. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. औषधाची मात्रा रोज २ ग्रॅम, दर सहा तासांनी एक अशी चार इंजेक्शनं, चार महिने. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा औषध घेतलेल्यांपैकी ४ दगावले होते, न घेतलेल्यांपैकी १४. ऑक्टोबर १९४८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निकाल आला आणि स्ट्रेप्टोमायसिनचं स्थान पक्कं झालं. त्याच अहवालात हेही होतं, की औषध घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना चक्कर आली आणि ती बहुधा चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुरू झाली.

या प्रयोगाच्या रचनेतच पुढच्या चुकीचं बीज होतं. ‘औषध आणि विश्रांती’ म्हणजे रुग्ण महिनोन्‌महिने खाटेवर आडवा. आतल्या कानाचा तोल गेला तर तो कळतो उभं राहिल्यावर, वळल्यावर, अंधारात चालल्यावर. आडव्या माणसाला सुरुवातीला थोडं गरगरतं आणि मग तेही थांबतं. थांबतं ते बरं वाटल्यामुळे नव्हे. एका कानाचा तोल गेला, तर दोन कानांकडून येणाऱ्या खबरा जुळत नाहीत आणि मोठी चक्कर येते. औषध मात्र रक्तातून दोन्ही कानांत सारखंच पोचतं, दोन्ही बाजू बरोबरीने मरतात, आणि मेंदूला दोन्हींकडून सारखीच शांतता ऐकू येते. त्यामुळे चक्कर नाही, डोळ्यांचे झटके नाहीत. डॉक्टर फेरीला येतात, विचारतात, “चक्कर येते का?” रुग्ण म्हणतो, “आता नाही.” कागदावर ‘दुष्परिणाम कमी झाला’ असं लिहिलं जातं.

अशा माणसाला पुढे काय भोगावं लागतं, याची पूर्वसूचनाही मिळालेली होती. बाल्टिमोरचे मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९४१ मध्येच लिहून ठेवलं होतं, की दोन्ही बाजूंचे तोलाचे तंतू कापलेल्या रुग्णांना चालताना समोरच्या वस्तू हलताना दिसतात. ‘जे. सीं.’नी तेच आतून लिहिलं. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही. दुकानाची पाटी वाचायची तर थांबावं लागतं. एरवी डोळे आणि तळपाय मिळून तोल सावरून नेतात, पण अंधारात डोळे जातात आणि वाळूत, गादीवर, शेताच्या ढेकळांत तळपाय फसतात. पाण्याखाली गेलं तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. आणि हे सगळं ज्याच्याकडे पाहून लोक ‘बरा झाला बिचारा’ म्हणतात, त्याच्या बाबतीत. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. शेजारपाजाऱ्यांना वाटतं पिऊन आलाय.

उपाय शोधले गेले नाहीत असं नाही. आधी मात्रा २ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर आली आणि चक्करेच्या तक्रारी घटल्या. मग रसायनशास्त्रज्ञांनी औषधाच्या रेणूतच बदल केला. १९४६ मध्ये तयार झालेलं डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन तोलाच्या इंद्रियाला कमी त्रास देतं असं दिसलं, आणि ते उत्साहाने बाजारात आलं. काही वर्षांत कळून चुकलं, की ते ऐकण्याचा भाग मारतं, तेही कायमचं. बहिरेपण कधीकधी औषध थांबल्यावर आठवड्यांनी, महिन्यांनी उतरायचं. म्हणजे थांबवून वाचवायची संधीही नाही. मग दोन्ही औषधं निम्मी निम्मी मिसळून द्यायचा प्रयोग झाला. दुष्परिणाम वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतील, असा त्यामागचा हिशोब. माणसांच्या औषधांतून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन शेवटी हद्दपार झालं. काहींनी तर या विषाचाच उपयोग करून घेतला. मेनियरच्या आजारात चक्करेचे भयानक झटके येतात. तोलाचं इंद्रिय मुद्दाम मारलं तर झटके थांबतील, या विचाराने पन्नाशीच्या दशकात हॅरॉल्ड शुक्नेश्ट यांनी स्ट्रेप्टोमायसिन वापरलं. त्याच मार्गाने आज मध्यकर्णात जेंटामायसिन सोडलं जातं. म्हणजे औषध तोलाचं इंद्रिय मारतं ही गोष्ट इतकी पक्की होती, की तिच्यावर उपचार उभा राहिला.

नेमकं काय मरतं, हे १९६२ मध्ये यान व्हेर्सेल आणि जोसेफ हॉकिन्स यांनी मांजरांच्या आतल्या कानाच्या अभ्यासातून दाखवलं. अर्धवर्तुळाकार नलिकांच्या मुळाशी असलेल्या केसपेशींपैकी एका विशिष्ट प्रकारच्या पेशी आधी जातात, मग बाकीच्या. हालचाल टिपण्यासाठी या पेशींच्या केसांवर जी सूक्ष्म दारं असतात त्यांतूनच औषध आत शिरतं, हे कितीतरी नंतर समजलं. रक्तातून औषध काही तासांत निघून जातं, पण कानात ते रेंगाळतं. पक्ष्यांच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानातली हानी भरून येत नाही. म्हणून या बाबतीत ‘नंतर बघू’ला काहीच अर्थ उरत नाही. लक्ष ठेवायचं ते इंजेक्शनं चालू असतानाच.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयावरच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचं मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा तो एकत्र उपक्रम होता. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे सिद्ध झालं, की गरिबाच्या कोंदट खोलीत राहूनही, औषध नियमित घेतलं तर क्षय सॅनेटोरियमइतकाच बरा होतो. १९५९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरातल्या सॅनेटोरियमांचे दिवस भरले. हा पहिला अभ्यास गोळ्यांचा होता. १९६४ मध्ये त्याच केंद्राने आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड देण्याची पद्धत तपासून दाखवली. याच सुमारास पुण्याजवळ पिंपरीला, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीनच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. एकेकाळी परदेशातून ओळखीपाळखीने मिळवावं लागणारं औषध तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलं.

मद्रासच्या पद्धतीत एक गोष्ट अशी होती, जिचं महत्त्व तोलाच्या दृष्टीने कोणी पुरेसं ओळखलं नाही. रुग्ण आता खाटेवर नव्हता. तो चालत, बसने, सायकलवर येत होता. आणि प्रत्येक सुईच्या वेळी तो एका प्रशिक्षित माणसाच्या समोर उभा राहत होता. गोळी घरी नेता येते, सुई टोचून घ्यायला यावंच लागतं. “रात्री लघवीला उठताना भिंत धरावी लागते का?” एवढं विचारायला पाण्याची पिचकारी लागत नाही की कानाचा डॉक्टर लागत नाही. काही ठिकाणी परिचारिका हे विचारत असतील. पण कार्डावर त्यासाठी रकाना असणं ही वेगळी गोष्ट. ज्याला रकाना नाही, ते सरकारी दवाखान्यात घडलेलं नसतं.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या शेरिंग कंपनीच्या संशोधकांनी जेंटामायसिन जाहीर केलं. ते क्षयासाठी नव्हतं. भाजलेल्या जखमा, रक्तातला जंतुसंसर्ग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग अशा जिवावरच्या दुखण्यांत ते कामाला आलं. स्वस्त, टिकाऊ, लवकर गुण देणारं. सत्तरच्या दशकापासून ते जगभरातल्या वॉर्डांत पोचलं. स्ट्रेप्टोमायसिनसारखंच तेही ऐकण्यापेक्षा तोलाच्या इंद्रियावर जास्त घाव घालतं. त्याच कुळातली कॅनामायसिन आणि अमिकासिन ही औषधं उलट ऐकण्यावर जास्त. या सर्वांना मिळून अमिनोग्लायकोसाइड म्हणतात.

या काळात देखरेख वाढली, हे खरं. रक्तातली औषधाची पातळी मोजायची सोय झाली, मूत्रपिंडाचं काम क्रिएटिनिनवरून पाहिलं जाऊ लागलं, श्रवणमापन यंत्रं आली. पण या सगळ्यांत एक साम्य आहे: त्यांतून आकडा मिळतो. रक्त प्रयोगशाळेत पाठवता येतं, श्रवणाचा आलेख फायलीत लावता येतो. तोलाचा असा आकडा नव्हता. बारानीची चाचणी होती, पण गंभीर आजारी माणसाच्या कानात गार पाणी सोडून त्याला मळमळ आणणं वॉर्डात कोणाला रुचणार? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने कानाला घातक औषधं घेणाऱ्यांच्या देखरेखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा विषय श्रवण होता. १९९३ मध्ये, एका विशिष्ट जनुकीय बदलामुळे या औषधांनी काही घराण्यांत बहिरेपण येतं, असा शोध लागला, तोही श्रवणाचाच. तोलाची चौकशी मागे पडली. शिवाय आकड्यांवर एक भाबडा विश्वास बसला, की रक्तातली पातळी ठरलेल्या मर्यादेत आहे तोवर कानही सुरक्षित आहे.

खाटेशेजारी करता येईल अशी चाचणी पहिल्यांदा कोणी गांभीर्याने मांडली असेल, तर ती कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या नील लाँगरिज आणि आर्थर मॅलिन्सन यांनी. १९८४ मध्ये, खास अमिनोग्लायकोसाइडमुळे तोल जातोय का हे चाळून पाहण्यासाठी, त्यांनी दृष्टितक्त्यावर आधारलेली पद्धत सुचवली. रुग्णाने आधी डोकं स्थिर ठेवून तक्ता वाचायचा. मग डोकं डावी-उजवीकडे पटापट हलवत तोच तक्ता पुन्हा वाचायचा. निरोगी माणसाची एखादी ओळ चुकते. तोलाचं इंद्रिय गेलेल्याला कितीतरी ओळी वाचताच येत नाहीत. लागणारं साहित्य म्हणजे भिंतीवरचा तक्ता आणि डोकं धरायला दोन हात. हीच चाचणी आधी एकदा, आणि मग दर काही दिवसांनी केली, तर घसरण लागलीच लक्षात येते.

१९८८ मध्ये सिडनीच्या मायकेल हॅल्मॅगी आणि इयन कर्थॉईस यांनी त्याहून सोपी खूण सांगितली. रुग्णाने डॉक्टरच्या नाकाकडे टक लावून पाहायचं. डॉक्टरने त्याचं डोकं अचानक, थोड्याच अंशांतून, झटकन वळवायचं. इंद्रिय शाबूत असेल तर डोळे नाकावरून हलत नाहीत. गेलं असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहत जातात आणि क्षणभराने उडी मारून परत नाकावर येतात. ती उडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. २००९ मध्ये याच गटाने हलक्या चष्म्यावर वेगवान कॅमेरा बसवून ती उडी मोजण्याची सोय केली. तोलाला अखेर आकडा मिळाला.

त्या आकड्याने काय दाखवलं, ते २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात हॅल्मॅगी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. २३ वर्षांत त्यांच्याकडे आलेले, जेंटामायसिनने तोल गमावलेले १०३ रुग्ण. त्यांत काही एकाच इंजेक्शनानंतर आलेले होते. निष्कर्ष असा, की कोणतीही मात्रा, कोणतंही वेळापत्रक, रक्तातली कोणतीही पातळी तोलाच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित धरता येत नाही. रक्ताचा आकडा मूत्रपिंडाची काळजी घेतो. कानाची हमी देत नाही. कोणता जंतू आहे हे कळण्याआधी अंदाजाने दिलं जाणारं जेंटामायसिन ४८ तासांपुरतंच ठेवावं, अशी सूचना ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आली.

मग हे औषध टाकूनच का देऊ नये? याचं उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि ‘सर्च’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ खेड्यांत गावातल्याच आरोग्यदूत बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला त्या घरच्या घरी औषध देत. त्यात एक जेंटामायसिनचं इंजेक्शन होतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. जवळ रुग्णालय नाही, महागडं औषध परवडत नाही, अशा ठिकाणी या जुन्या सुईने बाळं वाचवली आहेत. तिला खलनायक ठरवणं हा अन्याय होईल. प्रश्न सुईचा नव्हताच. सुईनंतर कोणी पाहिलं की नाही, हा होता.

क्षयाच्या बाबतीत देशाने फार उशिरापर्यंत तिची साथ सोडली नाही. १९९७ पासून राबवल्या गेलेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात, दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून तीन अशा दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनच्या २४ सुया मिळत. २००७ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातपासून औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे सरकारी उपचार सुरू झाले. त्यांत कॅनामायसिन सहा महिने किंवा त्याहून जास्त टोचलं जाई. बेडाक्विलीनसारखी गोळीची औषधं आल्यावर चित्र पालटलं. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये इंजेक्शनं बाजूला सारून बेडाक्विलीन स्वीकारलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं आणि २०२० मध्ये संपूर्ण गोळ्यांच्या उपचाराची शिफारस केली. क्षयाच्या रुग्णांच्या कानांवरचं हे संकट जवळपास ७५ वर्षांनी ओसरू लागलं, ते देखरेख सुधारली म्हणून नाही, औषध बदललं म्हणून. वैद्यकाच्या दृष्टीने हा विजय आहे. देखरेखीच्या दृष्टीने ती हार आहे.

आणि सुई संपलेली नाही. अतिदक्षता विभागात, नवजात बाळांच्या वॉर्डात, हृदयाच्या झडपेच्या संसर्गात जेंटामायसिन आणि अमिकासिन रोज वापरलं जातं, आणि वापरावंच लागतं. म्हणून या इतिहासातून निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. घरातलं कोणी अशा इंजेक्शनांवर असेल, तर औषधाचं नाव विचारून घ्या. आधीपासून कमी ऐकू येत असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा घराण्यात कोणाला इंजेक्शनांनी बहिरेपण आलं असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा. रुग्णाला उठून उभं राहता येत असेल, तर रोज चार गोष्टी पाहा: पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहता येतं का (जवळ एकाने धरायला असावं), अंधारात चालताना आधार लागतो का, डोकं हलवत असताना कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतात का, कानात आवाज येतो का. यांतलं काही बिघडलं, तर पुढची सुई टोचण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. औषध आपल्या मनाने थांबवू नका. थांबवायचं, बदलायचं की जिवासाठी चालूच ठेवायचं, हा निर्णय त्यांचा आणि तुमचा मिळून. आणि ज्यांचा तोल आधीच गेला आहे त्यांनी ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नये. लंडनमध्ये १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी सुरू केलेल्या व्यायामांची आजची रूपं फिजिओथेरपिस्ट शिकवतात; गेलेलं इंद्रिय त्यांनी परत येत नाही, पण डोळे आणि पाय जास्त काम करायला शिकतात. डॉक्टरांना आणि परिचारिकांना विनंती एकच: तापाच्या कागदावर तोलासाठी एक रकाना वाढवा, आणि प्रत्येक सुईआधी तो भरा.